वाऱ्याच्या माळावर ग्राउंड ब्लाइंड: निवड ते बांधणी, माझ्या नोंदी

१२ जून

धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायची आहे, त्यासाठी जागा ठरली. उघडा माळ, गुडघाभर गवत, मधून एक कोरडा ओहोळ जातो आणि ओहोळाच्या वळणावर हरणांची वाट पाण्याकडे उतरते. ट्री स्टँड बांधावा असं एक झाड नाही, जे आहे ते झुडूप. म्हणजे बसायचं तर जमिनीवरच, आणि जमिनीवर बसायचं तर ब्लाइंड, म्हणजे आत लपून बसायचा आडोसा, पाहिजे, आणि या माळावर ब्लाइंड म्हणजे सगळा प्रश्न वाऱ्याचा. परवाना, सीझनच्या तारखा, जमीनमालकाची परवानगी ही कामं आधीच उरकली आहेत. ब्लाइंड रात्रभर उभं ठेवता येतं का हेही विचारून घेतलं, कारण काही ठिकाणी त्याला बंदी असते, काही ठिकाणी नाव लावून ठेवावं लागतं, आणि बंदुकीचा सीझन सोबत चालू असेल तर कुठे कुठे ब्लाइंडच्या बाहेर केशरी कापड लावणं सक्तीचं असतं. तिकडचा नियम तिकडे बघायचा, ऐकीव गोष्टीवर जायचं नाही.

आज फक्त काठ्या रोवून त्यांना लोकरीचे धागे बांधले. एक ओहोळाच्या काठावर, एक उतारावर, एक वर टेकाडावर. हवामान अंदाजात वाऱ्याचा जो आकडा येतो तो जमिनीपासून १० मीटर उंचीचा असतो, आपण बसणार कमरेच्या उंचीला, तिथे वारा कमी असतो पण जास्त लहरी असतो. त्यामुळे अंदाज बघून ब्लाइंडची जागा ठरवण्यात अर्थ नाही, धागा बघून ठरवायची.

१९ जून

धागे बघून आलो. टेकाडावरचा धागा सतत आडवा, उतारावरचा बऱ्यापैकी, आणि ओहोळाच्या काठाच्या खालचा नुसता इकडेतिकडे लोंबतोय, कधी उलटाही फिरतो. हा उलटा फिरणारा धागा मला आवडला नाही. वारा कमी आहे हे चांगलं, पण भोवरा आहे म्हणजे आपला वास हरणाकडे जाईल की कुठे, सांगता येत नाही. ब्लाइंडला सुखाची जागा आणि शिकारीला कामाची जागा एकच निघेल असं धरून चालू नये.

संध्याकाळी जरा हिशोब मांडला. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. एका भिंतीचं क्षेत्रफळ साधारण अडीच चौरस मीटर धरलं तर ताशी ४० किमी वाऱ्यात त्या भिंतीवर सुमारे २०-२५ किलो वजनाइतका रेटा येतो. वेग दुप्पट झाला, म्हणजे ८० चा झोत आला, की तोच रेटा चौपट, नव्वद किलोच्या आसपास. कापडी ब्लाइंडचं स्वतःचं वजन किती, तर आठ-दहा किलो! आणि हे नुसतं ढकलणं झालं, छपरावरची ओढ वेगळी. लोक विचारतात "किती वाऱ्यात टिकतं", तर टिकवतात त्या खुंट्या, दोऱ्या आणि जमीन. ब्लाइंड या हिशोबात जवळजवळ नाहीच.

दुसरी गोष्ट, सरासरी वेगावर काही उखडत नाही, उखडतं ते झोतावर. ताशी ३० च्या दिवशी मध्येच ५० चा झोत येणं मोकळ्या माळावर रोजचंच आहे. त्यामुळे हिशोब झोताचा.

२८ जून

आता निवड. जे जे पर्याय आहेत ते एकेक डोळ्यांखालून घातले.

स्प्रिंगच्या वळ्याचं, पिशवीतून काढलं की फाडकन उघडतं ते: हलकं, स्वस्त, आणि भिंती थरथरत राहतात कारण कापड ताणायला आत काहीच नाही. माळासाठी बाद.

हब वालं: प्रत्येक भिंतीच्या मध्यावर एक हब, त्यातून फायबरग्लासच्या चार काठ्या कोपऱ्यांकडे जातात, हब बाहेर ओढला की भिंत ताठ होते. कापड ढोलासारखं घट्ट राहतं म्हणून फडफड कमी. त्याचं दुखणं एकच, वाऱ्याकडची भिंत जोराचा झोत आला की फट्कन आत उलटते, आणि तेव्हाच काठ्या मोडतात किंवा हबच्या खोबणीतून निसटतात. पण त्यावर उपाय आहे, हबलाच बाहेरून दोरी बांधायची. म्हणून विकत घेताना छपराला किती खिडक्या आहेत वगैरे नंतर बघायचं, प्रत्येक हबवर दोरी बांधायला पक्कं शिवलेलं कडं आहे का हे आधी बघायचं. नुसतं चिकटवलेलं किंवा एका टाक्याचं असेल तर सोडून द्या.

गवताच्या गठ्ठ्यासारखं दिसणारं, आत लोखंडी चौकट असलेलं: वजनदार, ताठ, माळावर जनावराला ओळखीचं. पण न्यायला गाडी लागते आणि एकदा ठेवलं की ठेवलं. फळ्यांची किंवा प्लास्टिकची पेटी: आवाज नाही, थंडी नाही, पण चाकांवर नसेल तर जागा बदलायचं नाव नको. जागा वर्षानुवर्षं तीच असेल आणि जमीन स्वतःची असेल तर मी हेच सांगेन, कापडाच्या भानगडीत पडू नका.

आणि खड्डा. कमरेइतका खड्डा, भोवती झुडपांचा आडोसा, वाऱ्याला पकडायला काहीच नाही. शुद्ध वाऱ्याच्या दृष्टीने याच्यासारखं दुसरं काही नाही. पण जमीन दुसऱ्याची, गुरं चरतात, खड्डा ठेवून जाता येत नाही, आणि बसून धनुष्य ओढायचं तर खालच्या लिम्बला (धनुष्याच्या खालच्या हाताला) जागा लागते, ती खड्ड्यात मिळत नाही.

दादाचं म्हणणं पडलं, "अरे सगळ्यात मोठं घे, दोघं आरामात बसू." मी म्हटलं, "दादा, जेवढी भिंत मोठी तेवढा वारा जास्त, तू आरामात बसशील आणि ब्लाइंड शेजारच्या कुंपणात असेल." तर दोघांपुरतं, पण उंचीला बुटकं असं हब वालं घेतोय. बसून पूर्ण ओढ घेता येते ना, वरचं टोक छपराला लागत नाही ना, एवढं तपासून. आतून काळं कापड. आणि खिडक्या हुक किंवा चुंबकाच्या, वेल्क्रोची नको, वेल्क्रो उघडण्याचा आवाज शांत सकाळी किती लांब जातो ते एकदा ऐकलं की पुन्हा घ्यावंसं वाटत नाही.

६ जुलै

ब्लाइंड आलं. सोबतच्या खुंट्या बघितल्या आणि पिशवीतच ठेवल्या, बोटाएवढ्या जाड पण नाहीत, वीतभर लांब. तरी म्हटलं बघू, ओहोळाजवळच्या मातीत ठोकून लटकवण्याच्या वजनकाट्याने ओढून बघितल्या. वरची माती भुसभुशीत, हाताने हलकं ओढलं तरी बाहेर.

मग तीन प्रकार ठोकून ओढले. बांधकामाची सळई दोन फूट लांब, डोकं वाकवून हुक केलेली. स्क्रूसारखा पिळाचा अँकर, हाताने फिरवून आत जाणारा. आणि कुंपणाचा लोखंडी अँगल, छोटा कापून. निकाल मातीप्रमाणे बदलतो, हे लक्षात ठेवा. भुसभुशीत आणि वाळूमिश्र मातीत पिळाचा अँकर सरस, कारण त्याची चकती वरची सगळी माती धरून ठेवते. वर टेकाडाजवळ मुरूम आहे तिथे तोच अँकर चार बोटं गेला आणि गरगर फिरत बसला, तिथे सळई आणि घण. अँगल दोन्हीकडे चालतो, पण काढताना पहार आणि दोन माणसं.

खुंटी सरळ उभी ठोकायची की तिरकी यावर वाद घालणारे खूप आहेत. मी डोकं ब्लाइंडपासून लांब झुकलेलं ठेवतो, म्हणजे दोरी आणि खुंटी यात साधारण काटकोन पडतो, आणि दोरी खुंटीवर जमिनीलगत बांधतो. वर टोकाला बांधली की तरफ होते आणि खुंटी माती फाडत पुढे येते. तिरकेपणापेक्षा खोली आणि दोरी जमिनीलगत असणं याने जास्त फरक पडतो असं माझं मत आहे.

१३ जुलै

ओहोळाच्या बाजूच्या दोन कोपऱ्यांना माती अगदीच वाळूची आहे, तिथे काहीच धरत नाही. तिथे पुरलेला ओंडका वापरला. दोन फूट लांबीचं लाकूड, मधोमध दोरी, दोरीच्या ओढीला आडवा असा चर खणून त्यात ठेवायचं, दोरीपुरता तिरका चर काढायचा, वर माती टाकून पायाने दाबत भरायचं. लाकडाऐवजी वाळू भरलेली गोणी पण चालते. खणायला वेळ जातो पण एकदा पुरलं की ते उखडायला वरची सगळी माती उचलावी लागेल. सीझनभर तिथेच राहील, दोरीचं टोक फक्त बाहेर.

खडकाळ जागा असती तर दगडांच्या गोण्या लटकवल्या असत्या. पण गोणी जमिनीवर टेकलेली हवी. अधांतरी लटकणारी गोणी झोतात डोलते आणि प्रत्येक डोलण्याला काठीला हिसका बसतो.

२७ जुलै

आज सगळ्यात अवघड भाग, तोंड कुठे करायचं. यावर डोकं सगळ्यात जास्त खर्ची पडलंय आणि याबद्दल कोणी नीट बोलत नाही.

शिकारीला काय पाहिजे, तर वारा जनावराकडून आपल्याकडे. म्हणजे नेम धरायची खिडकी वाऱ्याच्या तोंडाला. आणि ब्लाइंडला काय नको, तर नेमकं हेच. वाऱ्याकडची खिडकी उघडली आणि बाकी सगळं बंद असलं की वारा आत कोंडतो, आतला दाब वाढतो, वरून छपरावर वाऱ्याची ओढ असतेच, दोन्ही मिळून ब्लाइंडला वर उचलतात. ब्लाइंड उडाल्याच्या बहुतेक गोष्टीत ते आडवं ढकललं जात नाही, आधी एक कड उचलली जाते आणि मग खाली वारा शिरतो. तेच वाऱ्याआडच्या बाजूला फट ठेवली तर आतला दाब उलट कमी होतो आणि छपराची ओढ सैल पडते.

पण मागची खिडकी उघडली की मागून उजेड येतो, आणि काळ्या अंधारात लपलेला माणूस एकदम सावलीसारखा उठून दिसतो. म्हणून मी मागची खिडकी उघडत नाही, मागच्या भिंतीची खालची कड जमिनीलगत हातभर मोकळी ठेवतो, बाहेरून गवत. उजेड खालून येतो, पाठीमागे नाही. वास तिथून बाहेर जातो, तर तो तसाही त्याच दिशेला जाणार होता.

आणि तोंड सरळ वाऱ्यात करायचं सोडूनच दिलं. इथे वारा बहुतेक पश्चिमेचा, हरणांची वाट उत्तर-दक्षिण ओहोळाच्या कडेने. ब्लाइंड वाटेच्या पूर्वेला, पण वाटेच्या वळणापासून थोडं दक्षिणेला सरकवून, नेमाची खिडकी उत्तर-पश्चिमेला. म्हणजे वारा तिरका लागतो, सपाट भिंतीवर न आदळता कोपऱ्यावर फुटतो, आणि वास वाटेपासून लांब जातो. अंतर वीस-बावीस मीटर. ओहोळाच्या काठाखाली, जिथे धागा उलटा फिरत होता, तिथे नेलं नाही. काठाच्या थोडं वर, अर्धा वारा, पण दिशा पक्की.

२ ऑगस्ट

दोऱ्या. नायलॉनची पॅराकॉर्ड सगळ्यांकडे असते, पण नायलॉन ओलं झालं की ताणतं, रात्री दव पडलं की सकाळी दोरी ढिली. पॉलिस्टरची दोरी कमी ताणते, तीच घेतली. चारही हबपासून साधारण ४५ अंशात, वाऱ्याकडच्या हबला दोन दोऱ्या इंग्रजी व्ही सारख्या, म्हणजे झोत जरा डावी-उजवीकडून आला तरी एक दोरी ताणलेली असते. जमिनीलगतचे कोपरे वेगळे, त्यांना सळया. मागची फट सोडून खालची झालर बाहेर पसरून त्यावर माती आणि दगड. झालरीवर माती टाकणं याचं कोणाला कौतुक नसतं, पण वारा खाली शिरू न देणं हेच तर अर्धं काम आहे.

छपरावरून एक चपटा पट्टा टाकून दोन्हीकडे अँगलला ताणला. पट्टा सरळ ठेवला की वाऱ्यात घूंऽऽ असा गुणगुणतो, त्याला दोन-तीन पीळ देऊन मग ताणला की गप्प होतो.

१६ ऑगस्ट

मधल्या आठवड्यात वादळी वारा येऊन गेला. आज गेलो तर ब्लाइंड जागेवर. वाऱ्याकडची एक सळई बोटभर वर आली होती, तिथे शेजारी दुसरी ठोकून दोघींना दोरीने जोडलं. पुरलेले ओंडके तसूभर हललेले नाहीत. आत मात्र बारीक धूळ सगळीकडे, चेन घासून चालते, तिला मेण लावलं.

आत बसून डोळे मिटून ऐकत राहिलो. दोरीचे लोंबते शेवट टपटप आपटत होते, ते गुंडाळून टेप लावली. एका खिडकीची मोकळी कड फडफडत होती, तिला आतून कपड्याचा चिमटा. वारा असताना हरणाला ऐकू कमी येतं, त्यामुळे ते आधीच बिथरलेलं असतं, एकसारखा घोंघाव त्याला चालतो, पण मध्येच फट्ट झालं की संपलं. उलट आपल्या बारीकसारीक आवाजाला त्याच घोंघावाची आड मिळते.

३० ऑगस्ट

झुडपं लावायचं काम. व्हाइटटेलसारखं हरीण नवीन चौकोनी आकार दिसला की लांबून थांबून बघतं, म्हणून ब्लाइंड आठवडे आधी लावून सोडायचं आणि कडा मोडायच्या. प्रॉन्गहॉर्न (अमेरिकेतल्या माळावरचा हरणासारखा प्राणी) पाण्याच्या टाकीवर एवढं मनावर घेत नाहीत म्हणतात, पण माझी गाठ त्यांच्याशी नाही.

सगळे सांगतात फांद्या ब्लाइंडच्या पट्ट्यांत खोचा. वाऱ्याच्या जागी हे मला पटत नाही. प्रत्येक फांदी वारा पकडते, तो भार शेवटी त्याच काठ्यांवर येतो, वर ती कापडावर घासत खसखस करते. म्हणून कापडाला फक्त वरच्या कडेला थोडं गवत, आणि खरी झुडपं वेगळी. वाऱ्याकडे दोन-अडीच मीटर पुढे जाळीच्या कुंपणाचा तुकडा अँगलवर उभा केला, कमरेच्या उंचीचा, त्यात फांद्या आणि गवत विणलं. मुद्दाम विरळ विणलं, साधारण निम्मं भरलेलं, निम्मं मोकळं. भक्कम भिंत उभी केली तर वारा वरून उडी मारून पाठीमागे भोवरे करतो, विरळ आडोसा वाऱ्याला गाळून हळू करतो आणि त्याचा फायदा उंचीच्या कितीतरी पट अंतरापर्यंत मिळतो. शेतकरी बांधावर झाडांची रांग लावतात त्यामागे हेच तत्त्व आहे. मागे ब्लाइंडच्या खालच्या अर्ध्या भागात आता धागा आडवा होत नाही, नुसता हलतो. आणि समोरून बघितलं तर चौकोन दिसतच नाही. नेमाच्या खिडकीची ओळ मात्र मोकळी ठेवली आहे.

१३ सप्टेंबर

आतून सराव, त्याच खुर्चीवर, त्याच जाकिटात. नजरेला जे मोकळं दिसतं ते बाणाला मोकळं नसतं. साईट (धनुष्यावरचं नेम धरायचं साधन) बाणाच्या वर काही इंच असते, तिच्या पिनमधून निशाणी स्वच्छ दिसते आणि बाण खिडकीच्या खालच्या कडेला फाडत जातो. म्हणून खिडकीची खालची कड ठरवताना दादाला बाजूला उभं करून बाणाची रेष बघायला लावली. खुर्ची खिडकीपासून मागे, म्हणजे धनुष्याचा कोणताही भाग उजेडात येत नाही.

खिडकीवरच्या जाळीतून मारायचा बेत नाही. जाळीतून मारायचं तर फिक्स्ड ब्लेडचंच ब्रॉडहेड (शिकारी बाणाचं पात्यांचं टोक) हवं, उघडणारं जाळीलाच उघडतं आणि बाण भरकटतो. मी फिक्स्डच वापरतो, तरी जाळी काढून टाकली, वाऱ्यात ती ताणलेली राहत नाही.

आडव्या वाऱ्याचं वेगळं प्रकरण आहे. आत हवा शांत, बाण खिडकीबाहेर पडला की एकदम बाजूचा वारा. बसल्या जागी गालाला वारा लागत नाही म्हणून अंदाज चुकतो, म्हणून दहा मीटरवर गवताच्या काडीला एक धागा बांधला आहे, नेम धरण्याआधी तो बघायचा. मोठी पिसं आणि मोठी पाती वारा जास्त पकडतात. धागा आडवा झाला की त्या दिवशी लांबचा बाण सोडायचा नाही, हा नियम आहे, त्यावर चर्चा नाही. जखमी करून सोडण्यापेक्षा रिकामं आलेलं चालेल.

२७ सप्टेंबर

पहिली बैठक. अंधारात पोचलो, दोऱ्यांवर हात फिरवून ताण बघितला, वाऱ्याकडच्या दोन अजून कसल्या. उजाडता उजाडता माद्या आल्या, अडोशाच्या जाळीकडे एकदा बघितलं आणि चरायला लागल्या. नर आला तो पस्तीस मीटरवरून पलीकडे निघून गेला. धनुष्य उचललं नाही. नऊनंतर वारा चढला, छप्पर वर-खाली श्वास घेतल्यासारखं करत होतं पण मागची खालची फट असल्याने फुगलं नाही.

११ ऑक्टोबर

वारा फिरला की काय करायचं, हे ठरवून ठेवलं. इथे थंडीची लाट यायची असते तेव्हा वारा उत्तर-पश्चिमेकडून येतो, तो थेट नेमाच्या खिडकीत. त्या दिवशी या ब्लाइंडमध्ये बसायचं नाही. खिडकी बंद, सगळ्या चेन बंद, मागची खालची फट मात्र तशीच, कारण तेव्हाही ती वाऱ्याआडच राहते. रिकामं ब्लाइंड सोडून जाताना खिडक्या उघड्या ठेवू नयेत हे तर आहेच. दादा म्हणतो दुसऱ्या बाजूला दुसरं ब्लाइंड लावू. मी म्हटलं आधी तू ओंडके पुरायला खड्डे खण, मग बघू.

आवरायचं तेव्हा क्रम असा: आधी वाऱ्याआडच्या दोऱ्या सोडायच्या, वाऱ्याकडच्या शेवटी. छपराचा पट्टा सगळ्यात शेवटी. सळई उपटताना ओढायची नाही, हुकात दुसरी सळई घालून आधी पिळायची, माती सुटली की वर येते. कापड ओलं गुंडाळायचं नाही. सीझनभर उन्हात राहिलेलं कापड कोपऱ्यांच्या टाक्यांपाशी आधी विरतं, तिथे नखाने दाबून बघायचं, पांढुरकं पडून धागे सुटत असतील तर ते कडं पुढच्या वर्षी भरवशाचं नाही, नवीन पट्टी शिवून घ्यायची.